बसून दिसणारं पाणी

(पडद्यावर: सकाळ. ड्रोन धरणाच्या भिंतीवरून सरळ पुढं. डावीकडं पाणी, उजवीकडं खाली शेतं.)

सोलापूरला समुद्र नाही. कोकणचा किनारा इथून रस्त्यानं तीनशे किलोमीटरच्याही पलीकडं. पाण्यात शिरलेल्या उंच टोकावर जाऊन वारा खायची हौस आली, की सोलापूरकर सुट्टी काढून गणपतीपुळं गाठतो, नाहीतर तुळजापूर रस्त्याला गाडी वळवतो. शहराबाहेर पडलं की थोड्याच वेळात तळे हिप्परगा येतं. सरकारी कागदांत याचं नाव एकरुख तलाव. लोकांच्या तोंडी मात्र हिप्परगा तलावच.

अदिला नदीला आडवी घातलेली ही मातीची भिंत. लांबी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास. नदीच्या पात्राशी, जिथं ती सगळ्यात उंच आहे, तिथं उंची सुमारे २१ मीटर, म्हणजे सहा-सात मजली इमारत. आणि या सहा-सात मजल्यांच्या माथ्यावर आज एक व्हीलचेअर चालली आहे. लिफ्ट नाही, जिना नाही, कुणी उचलून आणलेलं नाही.

(पडद्यावर: चाक, अगदी जवळून. हात. मुरमाची धूळ.)

या अक्का. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून नाही सांगत. लहानपणी पोलिओ झाला. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, त्यानंतर नाही. पण त्याआधी ज्यांना झाला ती माणसं आपल्यातच आहेत, चाळिशीत, पन्नाशीत, साठीत. सोलापुरात हजारो बायकांनी जे काम केलं तेच अक्कांनीही केलं. विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात कातरलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. या कामाला पाय लागत नाहीत, बोटं लागतात. त्यांचा अंगठा बघा. विडीचं तोंड दुमडून दुमडून नख एका बाजूनं झिजलंय. तोच अंगठा आता चाकाच्या कडीवर आहे.

मागं भाचा आहे. ढकलायला म्हणून आलाय, पण अक्का हात लावू देत नाहीत.

(मूळ आवाज, अक्का: “सोड की रे. जाऊलालेय की मी.”)

एवढ्या उंचीवर व्हीलचेअर अशी सहज कशी जाते, याचं उत्तर इंजिनिअरिंगमध्ये आहे. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

(पडद्यावर: भिंतीचा पाण्याकडचा उतार, दगडी अस्तर. कॅमेरा हळूहळू वर.)

हे धरण १८७१ साली पूर्ण झालं. सोलापूरचा पाऊस तेव्हाही असाच लहरी होता. एक वर्ष भरभरून, दोन वर्षं नुसते ढग. नदीला पूर आला की चार दिवसांत पाणी वाहून जायचं आणि शिवार पुन्हा कोरडं. ते पाणी अडवून कालव्यानं शेताला द्यायचं, असा बेत. पुढं शहराची तहानही याच तलावानं भागवली. उजनी धरणाचं पाणी सोलापूरला यायच्या कितीतरी आधी हिप्परग्याचं पाणी शहराच्या नळाला होतं.

मातीचं धरण म्हणजे मातीचा ढीग नव्हे. माती थरानं टाकायची. प्रत्येक थरावर पाणी मारायचं आणि तो दाबायचा, ठोकायचा. माती ठोकायचं जड धुम्मस ज्यांनी हातात धरलंय त्यांना ठाऊक आहे, दिवसाअखेर खांदा आपला राहत नाही. थर बसला की वर दुसरा, त्याच्यावर तिसरा. घाई केली तर आत पोकळी राहते, पाणी ती शोधतं, आणि एकदा वाट सापडली की ते थांबत नाही. पाण्याकडच्या उताराला दगडाचं अस्तर, लाटांनी माती खाऊ नये म्हणून. हे दगड नीट बघा. कुठलाही दुसऱ्यासारखा नाही, आणि तरी मधे फारशा फटी नाहीत. कुणीतरी एकेक दगड हातात फिरवून, याची कुठली बाजू कुठं बसेल ते बघून लावलाय. ज्यांनी लावला त्यांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत.

आता मुख्य गोष्ट. मातीच्या धरणाचा सगळ्यात मोठा वैरी कोण? डोक्यावरून जाणारं पाणी. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर तो सहन करतो. मातीच्या भिंतीवरून गेलं तर ते माती कापत जातं, आणि काही तासांत भिंतच राहत नाही. म्हणून जादा पाण्यासाठी बाजूला सांडवा काढतात, भिंतीच्या माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर. आणि माथा या टोकापासून त्या टोकापर्यंत एका पातळीत ठेवतात. मधे कुठं खोलगट भाग राहिला, तर पुराच्या दिवशी पाणी नेमकं तिथूनच बाहेर पडणार.

म्हणजे हा रस्ता सपाट आहे तो कुणावर दया म्हणून नाही. सपाट नसता तर धरण टिकलंच नसतं.

(पडद्यावर: भिंतीचं टोक. टेकाड आणि भिंत जिथं जुळतात ती जागा. व्हीलचेअर फ्रेममध्ये येते.)

दुसरी गंमत इथं आहे. भिंत मधे २१ मीटर उंच, पण टोकाला? दरीच्या दोन्ही बाजूंची उंच जमीन हेच धरणाचे दोन खांदे. भिंत जाऊन त्या खांद्याला टेकते, आणि तिथं भिंतीचा माथा आणि जमीन एकाच पातळीत येतात. पायथ्याशी गाडी लावली तर वर चढायला पायऱ्याच पायऱ्या. खांद्याशी लावली तर चढ नाहीच. चार पावलं टाकली की तुम्ही माथ्यावर.

ज्यांनी घराच्या दारात रॅम्प बांधून घेतलाय त्यांना या चार पावलांची किंमत विचारा. नियम एकास बाराचा. एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार हवा. दारात सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर अठरा फूट रॅम्प लागतो. सोलापुरातल्या किती घरांसमोर अठरा फूट जागा आहे? म्हणून मग रॅम्पच्या नावाखाली घसरगुंडी बांधतात, आणि फोटो काढून मोकळे होतात.

(पडद्यावर: संध्याकाळ. सिद्धेश्वर तलाव, पाण्यात मंदिर, मागं भुईकोट किल्ल्याची तटबंदी.)

पाण्याकाठचं फिरणं सोलापूरला नवं नाही. शहराच्या मध्यावर हा सिद्धेश्वर तलाव. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तो खोदवला. श्रमालाच पूजा मानणाऱ्या शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या काळातल्या शिवभक्त संतांच्या, परंपरेतलं हे काम. संक्रांतीच्या गड्डा जत्रेला इथं पाय ठेवायला जागा नसते. नंदीध्वज येतात, अक्षता सोहळा होतो, रात्री शोभेचं दारूकाम. बाजूला किल्ला, त्याची तटबंदी संध्याकाळच्या उन्हात अशी तांबूस होते. हे दृश्य आम्हाला काढून टाकवेना, म्हणून ठेवलंय.

पण तलाव म्हटलं की घाट, आणि घाट म्हटलं की पायऱ्या. पाण्यापर्यंत उतरायचं ते पायांनी. जुन्या बांधणीला दोष देण्यात अर्थ नाही. नव्या बांधणीला मात्र आहे. बागा, कट्टे, सेल्फी पॉइंट गावोगावी होतायत. त्यातलं एक नेहमीचं दृश्य दाखवतो. जागा कुठली ते महत्त्वाचं नाही.

(पडद्यावर: एक बघण्याची जागा. कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर: पाणी, झाडं, आकाश. मग कॅमेरा खाली, बसलेल्याच्या उंचीवर: सिमेंट.)

उभ्या माणसाला तलाव दिसतो. व्हीलचेअरवरच्या माणसाचे डोळे जमिनीपासून चार फुटांच्या आसपास असतात, ठेंगण्या माणसाचे त्याहून खाली. पुढं चार फुटांची भरीव भिंत. रॅम्प आहे, व्हीलचेअरचं चिन्ह असलेली निळी पाटी आहे, उद्घाटनाची कोनशिला आहे. रॅम्पवरून वर यायचं आणि प्लास्टर बघायचं. भरीव भिंतीच्या जागी जवळजवळ लावलेल्या उभ्या गजांचा कठडा घातला असता, तर हा प्रश्नच आला नसता. सुरक्षिततेतही काही उणं पडलं नसतं.

हिप्परग्याच्या भिंतीवर अक्कांना काय दिसतं, तेही त्याच उंचीवरून बघू.

(पडद्यावर: कॅमेरा अक्कांच्या डोळ्यांच्या पातळीवर. चालत्या खुर्चीवरून. संगीत नाही, वारा.)

(मूळ आवाज, भाचा: “पाणी दिसूलालंय का अक्का?” अक्का: “समदं दिसूलालंय. तू बाजूला हो.”)

काठावरचे ते काळे ठिपके म्हणजे चांदवे. कपाळावर पांढरा टिळा असतो त्यांच्या. पाण्यातल्या खुंटावर राखी बगळा. कुठल्याही सोलापूरकराला विचारा, तो फ्लेमिंगो बघायला उजनीला जायचं म्हणेल. जावं. पण तिथं होडीत चढावं लागतं, आणि होडीत चढवताना कोण काखेत हात घालणार, कोण पाय धरणार, यात अर्धी मजा जाते.

किनाऱ्यावरच्या लोकांची अडचण वेगळी, तिथं वाळू. चेन्नईच्या मरीना बीचवर नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हीलचेअरसाठी कायमचा लाकडी मार्ग झाला. २६३ मीटर लांब, तीन मीटर रुंद, थेट लाटांच्या दिशेनं. कितीतरी लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र जवळून पाहिला. दोनच आठवड्यांत मंदौस चक्रीवादळ आलं आणि त्या मार्गाची मोडतोड झाली. वाळूवर बांधायचं म्हणजे हे आलंच. आपल्याकडं वाळू नाही. दाबून बसवलेली माती आहे, दीडशेहून जास्त वर्षं जागची न हललेली.

मग अडतं कुठं?

(पडद्यावर: प्रवेशाजवळ दगड आणि मातीचा ढिगारा. पुढं मोकळी खडी. खुर्चीचं पुढचं छोटं चाक रुततं.)

अडतं इथं. गाड्या भिंतीवर जाऊ नयेत म्हणून असे दगड टाकतात. त्यात चूक काही नाही. धरणावर वाहनं नकोतच, आणि भिंतीवर जायचं तर पाटबंधारे खात्याला विचारूनच जायचं. आम्हीही विचारून आलो. पण गाडी अडवायला ढिगारा लागत नाही. तीन-तीन फुटांवर खांब रोवले की चारचाकी थांबते आणि साधारण सव्वादोन फूट रुंदीची खुर्ची मधून जाते. दुसरं, मोकळी खडी. व्हीलचेअरचं मागचं चाक मोठं, ते निभावून नेतं. पुढचं चाक मुठीएवढं. ते खडीत तिरपं झालं की खुर्ची जागेवर थांबते आणि माणूस पुढं जातो. अक्का पडल्या नाहीत, कारण हे त्यांना तोंडपाठ आहे. खडी दिसली की त्या खुर्ची वळवून उलट्या जातात, मोठं चाक आधी. तो शॉट बघा.

(पडद्यावर: अक्का पाठमोऱ्या, मागं सरकत खडी ओलांडतात.)

बारीक मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवला की झालं. आणि दर दोन-तीनशे मीटरवर पाच बाय पाच फुटांची पक्की जागा, खुर्ची पूर्ण वळवता यावी इतकी, बाजूला सोबत्यासाठी बाकडं, थोडी सावली. एवढीच मागणी आहे. सगळी सव्वादोन किलोमीटर नको. खांद्याजवळचा अर्धा किलोमीटर चालेल.

कायदा याच बाजूचा आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागा सुगम करायला सांगतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं, की सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक नकोत, बंधनकारक करा. पुढची माहिती ज्याची त्यानं आपापल्या वॉर्डात जाऊन घ्यावी.

स्वच्छतागृहाचं चित्रीकरण आमच्याकडं नाही. अक्का सकाळपासून पाणी कमी प्यायल्या होत्या, एवढं फक्त सांगतो.

(पडद्यावर: भिंतीचा मधला भाग. ऊन चढलेलं. पाण्यावर लाटा.)

इथं यायचं तर सकाळी लवकर, किंवा ऊन उतरल्यावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेच्या दुपारी सोलापूर काय असतं ते सोलापूरकराला सांगायला नको, आणि दुष्काळी वर्षी पाणी भिंतीपासून फार लांब सरकतं. टायरमध्ये हवा नीट भरून घ्यावी. हातमोजे असले तर घ्यावेत, कडीला मुरूम चिकटतो आणि तळवे सोलपटतात. सोबत एक माणूस हवाच, त्यानं ढकललं नाही तरी.

अक्का मध्यावर थांबल्या. भाच्यानं डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. जेवताना दोघांचं वाजलं. त्याचं म्हणणं ऊन झालं, मागं फिरू. अक्कांना सांडवा बघायचा होता. आम्ही कॅमेरा बंद करणार होतो, पण ध्वनिमुद्रण चालू राहिलं.

(मूळ आवाज, अक्का: “तुला जायचं तर जा की. चावी तेवढी ठेवून जा गाडीची.” भाचा: “तुला गाडी चालवायला येतंय व्हय?” अक्का: “शिकव मग.”)

(पडद्यावर: खुर्ची सांडव्याच्या दिशेनं. मागं भाचा, डबा हातात. श्रेयनामावली.)