जुनी मसल कार निवडताना : आधी पत्रा, मग इंजिन

(निवेदन)

दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी मिशिगन राज्यातला वुडवर्ड ॲव्हेन्यू हा रस्ता जुन्या अमेरिकी गाड्यांनी भरून जातो. 1995 पासून चालत आलेल्या या ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’मध्ये फर्नडेलपासून पॉन्टिॲक शहरापर्यंत गाड्यांची रांग लागते. डेट्रॉईटच्या परिसरातल्या मोटार उद्योगात काम करणारी कितीतरी मराठी कुटुंबे ट्रॉय, नोव्हाय अशा उपनगरांत राहतात. कधीतरी रस्त्याच्या कडेला उभे राहून एखाद्या व्ही-8 इंजिनाचा खर्जातला आवाज ऐकला, की अशी एक गाडी आपल्या गॅरेजमध्ये असावी, असे मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. ज्यांचा हा विचार पक्का झाला आहे, त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी काय पाहावे, हा या चित्रफितीचा विषय आहे.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, साध्या आणि परवडणाऱ्या गाडीत बसवलेले मोठ्या गाडीचे इंजिन. या प्रकाराची सुरुवात 1964 च्या पॉन्टिॲक जीटीओपासून झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा पॉन्टिॲकची मालक कंपनी जनरल मोटर्सचा त्या काळी नियम होता. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 389 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे इंजिन ‘टेम्पेस्ट लमाँ’ या गाडीवर जादा पर्याय म्हणून देऊ केले आणि त्या नियमातून वाट काढली. हा पर्याय तीनशे डॉलरच्या आत मिळत होता. पहिल्याच वर्षी 32,450 जीटीओ विकल्या गेल्या आणि त्यानंतर इतर कंपन्यांनाही मागे राहणे शक्य नव्हते. पुढच्या सहा-सात वर्षांत शेव्हरोलेटची शेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट), प्लिमथ रोडरनर आणि मोठ्या इंजिनाच्या मस्टँग व कमॅरो रस्त्यावर आल्या. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला विम्याचे वाढते हप्ते, धुराविषयीचे कायदे आणि पाठोपाठ 1973 चा तेलसंकटाचा काळ यांनी हे पर्व संपवले. म्हणजे आज बाजारात दिसणारी प्रत्येक अस्सल गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे, आणि तिचे मूल्यमापन त्या वयाचे भान ठेवूनच करावे लागते.

जाहिरातीत दिलेल्या अश्वशक्तीच्या आकड्याविषयीही सुरुवातीलाच सावध केले पाहिजे. 1971 पर्यंत अमेरिकी कंपन्या जो आकडा छापत, तो इंजिन गाडीबाहेर काढून, त्यावर एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे भार न ठेवता मोजलेला असे. 1972 पासून ही सगळी सामग्री जोडलेल्या अवस्थेतला आकडा देण्याची पद्धत रूढ झाली. शेव्हरोलेटच्या 454 घन इंची ‘एलएस-5’ इंजिनाची शक्ती 1971 मध्ये जुन्या पद्धतीने 365, तर नव्या पद्धतीने 285 अशी नोंदलेली आहे. इंजिन मात्र तेच. त्यामुळे 1970 ची गाडी आणि 1972 ची गाडी यांची तुलना केवळ आकड्यांवरून करणाऱ्या विक्रेत्याचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारू नये.

गाडी चालवण्यासाठी हवी आहे की संग्रहासाठी, हा निर्णय पहिली गाडी पाहायला जाण्याआधीच घ्यावा, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर अवलंबून असते. संग्राहकाच्या दृष्टीने, कारखान्यातून निघताना जे इंजिन त्या गाडीत होते तेच आजही असणे, याला फार मोठे मोल आहे. अशा ‘नंबर जुळणाऱ्या’ गाडीची किंमत दुसऱ्या इंजिनाच्या तशाच गाडीपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि फसवणूकही नेमकी तिथेच होते.

1970 च्या शेव्हेलचे उदाहरण घेऊ. त्या वर्षी या गाडीत 450 अश्वशक्तीचे ‘एलएस-6’ हे 454 घन इंची इंजिन मिळत होते, आणि आज संग्राहकांमध्ये तिला प्रचंड मागणी आहे. अडचण अशी, की त्या वर्षीच्या शेव्हेलच्या ओळख क्रमांकावरून, म्हणजे व्हीआयएनवरून, ती एसएस होती की साधी मालिबू, हे कळतच नाही. मालिबूला एसएसची चिन्हे, पट्टे आणि बोनेट बसवून ती एलएस-6 म्हणून विकणे त्यामुळे सोपे झाले. आता पडद्यावर दिसते आहे ती या इंजिनाच्या पुढच्या बाजूची, उजव्या सिलिंडर हेडच्या अगदी समोरची, दोन बोटे रुंद अशी सपाट जागा. येथे ठोकलेल्या अक्षरांतला पहिला ‘टी’ म्हणजे टोनावांडा येथील इंजिन कारखाना, पुढचे चार आकडे म्हणजे महिना आणि तारीख, आणि शेवटची अक्षरे म्हणजे इंजिनाचा नेमका प्रकार. गाडीच्या ओळख क्रमांकाचा शेवटचा भागही इंजिनावर ठोकलेला असतो, आणि तो डॅशबोर्डवरच्या पट्टीशी जुळला पाहिजे.

एवढ्यावर समाधान मानू नये. कारखान्यात ही जागा यंत्रावर सपाट करताना तिच्यावर बारीक समांतर रेषा उमटत. कोणी जुने आकडे घासून नवे ठोकले असतील, तर त्या रेषा नाहीशा झालेल्या असतात किंवा भलत्याच दिशेने गेलेल्या दिसतात. टॉर्च तिरकी धरून तिच्या उजेडात हे साध्या डोळ्यांनी पाहता येते. अर्थात, इंजिन प्रामाणिकपणे बांधताना ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याचा, वरचा पृष्ठभाग घासला गेला, तरीही हे आकडे पुसले जातात. म्हणून आकडे नसणे हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे, पण अशा गाडीसाठी जुळणाऱ्या नंबरांची किंमत मोजण्याचेही कारण नाही. ब्लॉकवर ओतीव अक्षरांत असलेला सुट्या भागाचा क्रमांकही फारसा उपयोगी पडत नाही. शेव्हरोलेटचा ‘3970010’ हा ब्लॉक 1969 पासून दहाएक वर्षे असंख्य साध्या गाड्यांत वापरला गेला होता.

इतर कंपन्यांच्या बाबतीत पडताळणी थोडी सोपी आहे. क्रायस्लरच्या त्या काळातल्या गाड्यांच्या ओळख क्रमांकातले पाचवे अक्षर इंजिन सांगते. 1970 च्या गाडीत ‘आर’ म्हणजे 426 घन इंची हेमी (अर्धगोल दहनकक्षाचे इंजिन) आणि ‘व्ही’ म्हणजे तीन कार्ब्युरेटरांचे 440. फोर्डच्या 1967 पासूनच्या गाड्यांसाठी कंपनीच्या मूळ नोंदींवर आधारलेला ‘मार्टी रिपोर्ट’ मागवता येतो, तर पॉन्टिॲकसाठी ‘पीएचएस’ (पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) ही सेवा कारखान्याच्या मूळ कागदपत्रांच्या प्रती देते. महागडी जीटीओ विकायला काढणाऱ्याकडे ही कागदपत्रे नसतील, तर ती आपण स्वतः मागवावीत आणि ती हातात येईपर्यंत थांबावे.

जो माणूस गाडी चालवण्यासाठी घेतो आहे, त्याला मात्र आमचा आग्रहाचा सल्ला आहे, की त्याने इंजिनाआधी पत्रा पाहावा. या गाड्यांची इंजिने लाखोंच्या संख्येने बनली, त्यांचे सुटे भाग आजही नवे मिळतात आणि चांगला कारागीर ती पुन्हा बांधू शकतो. गंजलेली चासी आणि कुजलेले सांधे दुरुस्त करण्याचा खर्च मात्र अनेकदा गाडीच्या किमतीपलीकडे जातो. मिशिगन, ओहायो अशा राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिथे वापरात राहिलेल्या गाडीपेक्षा ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागातली, रंग उडालेली गाडी पुष्कळदा अधिक भरवशाची निघते.

प्रत्येक गाडीच्या गंजण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जुन्या मस्टँगमध्ये पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत येणारे पाणी दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत साठते आणि तो पत्रा आतून कुजतो, बाहेरून काहीच दिसत नाही. मालकाची परवानगी घेऊन त्या जाळीवर बादलीभर पाणी ओतावे आणि आत पाय ठेवण्याच्या जागेवरचा गालिचा उचलून पाहावा. तिथे थेंब पडू लागले, तर हा संपूर्ण भाग स्पॉट वेल्डिंग एकेक करून उखडून बदलावा लागतो, आणि ते अत्यंत वेळखाऊ काम आहे. शेव्हेलसारख्या वेगळ्या चासीच्या गाडीत मागच्या ॲक्सलवर वळण घेणारा चासीचा भाग खालून ठोकून पाहावा. ज्या गाड्यांच्या टपावर रेक्झिनचे आवरण आहे, त्यांत मागच्या काचेची खालची कड अवश्य तपासावी. क्रायस्लरच्या गाड्यांत पुढच्या सस्पेन्शनच्या टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळया) जिथे अडकवलेल्या असतात, तो आडवा भाग शाबूत असलाच पाहिजे. चकचकीत रंगाखाली लांबी (पुटी) भरलेली आहे का, हे पातळ कापडात गुंडाळलेल्या लोहचुंबकाने काही क्षणांत कळते.

इंजिनाची तपासणी ते थंड असतानाच करावी. आपण पोहोचण्याआधीच विक्रेत्याने गाडी चालू करून ठेवली असेल, तर पुन्हा यावे. पहिल्यांदा चालू करताच निळसर धूर येऊन लगेच थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हची सील कडक झालेली असतात आणि ते काम मोठे नाही. भरधाव रेस देताना सतत निळा धूर येत राहिला, तर पिस्टन रिंगा किंवा बोअर झिजलेले असण्याची शक्यता असते. गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट सिलिंडरमध्ये शिरते आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर ऑइलचा दाब दर हजार फेऱ्यांमागे साधारण दहा पौंड असावा, असा जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा आहे. सगळ्या आठ सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे, आणि त्यांतल्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत नसावी.

बाहेरून न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. आवाज कमी व्हावा म्हणून त्या काळच्या बऱ्याच इंजिनांत टाइमिंग चेनच्या मोठ्या चक्राचे दात नायलॉनचे असत. ते आता ठिसूळ होऊन तुटतात आणि त्यांचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, तेव्हा चालत्या इंजिनाचे ऑइल बंद होते. मालकाला हे चक्र कधी बदलले, असे थेट विचारावे. उत्तर नसेल, तर ते पहिल्याच महिन्यात बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. या इंजिनांचे सपाट टॅपेट झिजू नयेत म्हणून जस्त आणि फॉस्फरसचे पुरेसे प्रमाण असलेले ऑइल लागते, आणि नव्या गाड्यांसाठीच्या ऑइलांत ते प्रमाण कमी केलेले असते.

मोठे इंजिन घ्यावे की लहान, या प्रश्नाला आमचे उत्तर स्पष्ट आहे. चालवण्यासाठी शेव्हरोलेटचे 350 घन इंची, म्हणजे 5.7 लिटरचे इंजिन आणि क्रायस्लरचे 383 ही सर्वांत शहाणपणाची निवड आहे. 350 हे 454 पेक्षा पुष्कळ हलके असल्याने गाडीचे नाक जड होत नाही, आणि वळणावर हा फरक लगेच जाणवतो. 426 हेमी हे इंजिन अभियांत्रिकीच्या दृष्टीने भव्य आहे, पण त्याची जुळवणी सांभाळणारा जाणकार मेकॅनिक जवळपास नसेल, तर ते घेणे म्हणजे पांढरा हत्ती दारात बांधणे होय. शिवाय 1970 च्या एलएस-6 सारख्या इंजिनांचे कॉम्प्रेशनचे गुणोत्तर 11 च्या वर होते आणि ती त्या काळच्या उच्च ऑक्टेनच्या, शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनवली होती. आज अमेरिकेतल्या पंपावर मिळणाऱ्या 91 ते 93 ऑक्टेनवर ती भार पडताच नॉकिंग (आत अवेळी पेट घेऊन ठोके देणे) करू शकतात. उलट, आधी कोणीतरी साडेनऊच्या आसपास हे गुणोत्तर ठेवून, बिनशिशाच्या पेट्रोलसाठी कठीण व्हॉल्व्ह सीट बसवून बांधलेले इंजिन, त्याची बिले दाखवता येत असतील, तर मूळ इंजिनापेक्षाही आम्ही आनंदाने पसंत करू.

पॉन्टिॲकचे इंजिन पाहताना विशेष काळजी घ्यावी. पॉन्टिॲकच्या व्ही-8 इंजिनांत लहान आणि मोठा असे वेगळे सांगाडे नव्हते. 326 पासून 455 पर्यंत सगळी बाहेरून जवळजवळ सारखी दिसतात. जीटीओमध्ये 400 आहे, असे सांगून 350 बसवलेले असू शकते, आणि ब्लॉकवरचे आकडे वाचल्याशिवाय ते ओळखता येत नाही.

गाडी चालवून पाहताना मागच्या ॲक्सलचे गुणोत्तरही, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाकडून येणारा दांडा किती फेऱ्या घेतो तेही, विचारून घ्यावे. शर्यतीसाठी 4.10 चे दाते घातलेली गाडी सिग्नलवरून सुसाट निघते, पण महामार्गावर ताशी शंभर किलोमीटरला तिचे इंजिन तीन हजारांहून जास्त फेऱ्यांवर ओरडत राहते. 3.08 किंवा त्याच्या जवळपासचे गुणोत्तर लांबच्या प्रवासाला सोयीचे पडते.

शेवटी ब्रेक. यांपैकी पुष्कळ गाड्या चारही चाकांना ड्रम ब्रेक लावूनच विकल्या गेल्या होत्या, आणि 1967 च्या आधीच्या बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडर एकेरी असे. म्हणजे एका चाकाची नळी फुटली, तरी चारही चाकांचे ब्रेक निकामी होतात. दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवण्याची तयार सामग्री आज या जवळपास सर्व गाड्यांसाठी मिळते. व्यवहार ठरवताना तिची किंमत आणि मजुरी आधीच हिशेबात धरावी, आणि इंजिनावर एकही डॉलर खर्च करण्यापूर्वी हे काम करून घ्यावे.