मोजणार नाही का?

नमस्कार, श्रोतेहो.

मूल दत्तक घेतलेल्या घरांत गृहभेटीला जाण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. आज त्यातल्या एकाच घराची गोष्ट सांगते. सहा वर्षांचा मुलगा. खरं नाव सांगत नाही, आपण त्याला बाळू म्हणू.

बाळू येणार म्हणून आईबाबांनी खोली सजवली. नवी कॉट, भिंतीवर मोर, छताला चांदण्या. आणि रोज पहाटे पोर सापडायचं ते त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी, गार फरशीवर, अंगाचं मुटकुळं करून. महिनाभरात आईचा मला फोन आला. "ताई, आमचं काय चुकलं हो?" काहीच चुकलं नव्हतं. संस्थेत वीस मुलं एका हॉलमध्ये ओळीनं झोपायची. एकटं झोपणं त्याला ठाऊकच नव्हतं. खरं तर इतक्या लहान मुलाला वेगळी खोली हवी, हे मला कधीच पटलेलं नाही. आम्ही सहा भावंडं एका माजघरात वाढलो, आणि ती ऊब मला आजही आठवते.

असो. आजींनी माजघरात चार गाद्या ओळीनं घातल्या. तरी बाळू टक्क जागा. तिसऱ्या रात्री हळूच म्हणाला, "मोजणार नाही का?"

संस्थेतल्या मावशी दिवा मालवण्याआधी एकेका डोक्याला हात लावून मुलं मोजायच्या. मोजून झालं की झोपायचं. इथं कुणी मोजतच नव्हतं! आजी गुडघे धरून उठल्या. एक, बाळूचे बाबा. दोन, आई. तीन, बाळू. चौथा हात त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवला, तोवर बाळूचा डोळा लागला होता.

म्हणून सांगते, मूल आणताना संस्थेतल्या मावशींशी बोला. काय खातं हे सगळेच विचारतात. झोपतं कसं, कुणाशेजारी, कशाला भितं, हे विचारा. आणि नाव बदलू नका. पुन्हा सांगते, जाणत्या मुलाचं नाव बदलू नका. येताना त्याच्याजवळ स्वतःचं असं तेवढंच असतं. 'दत्तक' हा शब्दही पहिल्या दिवसापासून घरात बोलला जाऊ दे. तो त्याला शेजारणीकडून कळायला नको.

दत्तक नियमावली 2022 प्रमाणे मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. त्या दिवशी मुलाला नवा सदरा घालून बसवू नका. येणारी कार्यकर्ती परीक्षा घ्यायला येत नाही. मूल रात्री उठतं, पोळी लपवून ठेवतं, चावतं, सगळं तिला सांगा. बाळूच्या आईनं सांगितलं, म्हणूनच त्या गाद्या पडल्या.

पुढच्या भेटीला गेले तेव्हा बाळूनं आपली गादी मोराच्या खोलीत नेली होती. दार उघडं ठेवायचा. आणि रात्री आजी मोजायला जायच्या.

नमस्कार.