ट्रान्झिस्टरच्या तारा आणि टेराहर्ट्‌झची दिशा

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली एक चिप. तिच्या कडांवरून केसाहून बारीक तारा बाहेर गेल्या आहेत.]

या तारांकडे नीट बघून ठेवा. पुढे त्याच भाव खाऊन जाणार आहेत.

एक टेराहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपनं. तरंगलांबी ०.३ मिलीमीटर. रेडिओलहरी संपतात आणि अवरक्त किरण सुरू होतात, त्यांच्या मधला हा पट्टा. पकडायला मोठा अवघड. इथल्या फोटॉनची ऊर्जा जेमतेम ४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि खोलीतली नुसती उष्णताच २६ च्या घरात, म्हणजे फोटॉन त्यात हरवतो. रेडिओसारखं पकडू म्हटलं, तर साध्या ट्रान्झिस्टरमधल्या इलेक्ट्रॉनांनी चॅनल, म्हणजे त्यांची वाहण्याची वाट, ओलांडण्याआधीच लहर कित्येकदा उलटसुलट झालेली असते.

पण ओलांडायची गरजच काय?

मिखाईल द्याकोनोव्ह आणि मायकेल शूर यांनी १९९३ साली दाखवलं, की ट्रान्झिस्टरच्या चॅनलमधले इलेक्ट्रॉन उथळ पाण्यासारखे वागतात. समीकरणंही तीच. १९९६ मध्ये त्यांनी याच कल्पनेवर टेराहर्ट्‌झ लहरी टिपणारा शोधक (डिटेक्टर) मांडला.

[दृश्य: चॅनलचं रेखाचित्र. सोर्सच्या टोकाशी उठलेली लाट पुढे जात विरते.]

चॅनलचं एक टोक सोर्स, दुसरं ड्रेन, आणि वरून ताबा ठेवणारं गेट. लहर गेट आणि सोर्स यांच्यामध्ये आदळते. इलेक्ट्रॉनांची दाटी बदलते, त्याच तालावर त्यांचा वेगही बदलतो. दाटी जास्त तेव्हा धाव एका बाजूला, कमी तेव्हा दुसऱ्या बाजूला. दोन्हींचा गुणाकार सरासरीत शून्य होत नाही, आणि ड्रेनवर एक बारीकसा डीसी व्होल्टेज उरतो. एक अट मात्र आहे: दोन्ही टोकं सारखी नकोत. सोर्सला आणि ड्रेनला एकसारखाच धक्का बसला, तर हिशेब फिटतो आणि हाती काही लागत नाही.

आता ध्रुवण, म्हणजे लहरीचं विद्युतक्षेत्र कोणत्या दिशेने डोलतं ते. इवलासा चॅनल ०.३ मिलीमीटरची लहर स्वतः गोळा करू शकत नाही. ते काम करतं त्याच्याभोवतीचं धातूकाम. १०० गिगाहर्ट्‌झच्या आसपास चिपला जोडलेल्या त्या तारा अँटेना बनतात. कुणी त्यांना सांगितलेलं नसताना. समोरच्या लहरीचं विद्युतक्षेत्र हळूहळू फिरवत नेलं, की संकेत अँटेनाच्या आवडत्या दिशेशी झालेल्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गानुसार चढतो आणि उतरतो. वारंवारता बरीच वाढवली, की तारा मागे पडतात, चिपवरच्या धातूच्या पट्ट्या पुढे येतात आणि आवडती दिशा बदलते. म्हणून हा शोधक विकत घेणाऱ्याने नुसता ट्रान्झिस्टर न बघता त्याची बांधणीही बघावी, असं माझं मत.

[दृश्य: किरणाच्या वाटेत स्फटिकाची पावतरंग पट्टी (सरळ डोलणारं विद्युतक्षेत्र गोल फिरतं करणारी) फिरते आहे.]

खरी गंमत वर्तुळाकार ध्रुवणाची. इथे विद्युतक्षेत्र मळसूत्रासारखं डावीकडे किंवा उजवीकडे फिरतं. समजा, सोर्सच्या अँटेनाचा रोख एकीकडे आणि ड्रेनच्या अँटेनाचा तिच्याशी काटकोनात. मग दोन टोकांना धक्के मागेपुढे बसतात, पाव आवर्तनाच्या फरकाने. चॅनल पुरेसा आखूड असेल, तर दोन्हीकडच्या लाटा विरून जाण्याआधी मध्ये एकमेकींना भेटतात. आधी कोण, नंतर कोण, यावर त्या भेटीतून उरणाऱ्या व्होल्टेजचं चिन्ह ठरतं.

हे प्रत्यक्ष मोजलं गेलं आहे. संकेत इतका क्षीण, की किरण ठरावीक तालात अडवून, त्याच तालाचा संकेत टिपणाऱ्या लॉक-इन ॲम्प्लिफायरने तो गोंगाटातून वेचावा लागतो.

[दृश्य: पट्टी नव्वद अंश वळते. पडद्यावरची रेघ शून्य ओलांडून खाली जाते.]

उजवीकडे फिरणारी लहर आता डावीकडे फिरू लागली. चिप जागची हललेली नाही.