खोक्यातला कागद

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला हा पातळ कागद क्वचितच कोणी उलगडून वाचतो. केसगळतीवरच्या फिनास्टेराइड या गोळीची हकीकत मात्र या कागदावर वर्षावर्षाने वाढत गेलेल्या ओळींतच सापडते.

ही गोळी मुळात टकलासाठी नव्हतीच. अमेरिकेत १९९२ मध्ये ती वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी ५ मिलिग्रॅमच्या मात्रेत मंजूर झाली आणि १९९७ च्या डिसेंबरात, १ मिलिग्रॅमच्या मात्रेत, पुरुषांच्या केसगळतीसाठी. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे अधिक प्रभावी संप्रेरक तयार करणारे विकर (एन्झाइम) ती रोखते आणि त्यामुळे माथ्यावरची केसांची मुळे आक्रसण्याचा वेग मंदावतो. परंतु मेंदूतील काही शामक स्टेरॉइडे घडवण्यातही याच विकरांचा हात असतो. पोटात गेलेल्या गोळीला केवळ टाळूपुरते काम सांगता येत नाही.

सुरुवातीच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांत आढळल्या, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्या २.१ टक्के पुरुषांत. गोळी थांबवली की तक्रारही जाते, असा तेव्हाचा दिलासा होता. तो फार काळ टिकला नाही. स्वीडनमध्ये २००८ साली आणि अमेरिकेत २०१२ पर्यंत, लैंगिक इच्छा, ताठरता किंवा वीर्यस्खलन यांतील बिघाड औषध सोडल्यावरही काही जणांत कायम राहतो, अशी नोंद कागदावर आली. अमेरिकेने २०२२ मध्ये आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख करायला लावला आणि मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध-सुरक्षा समितीने असे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले.

दुष्परिणाम आधी सांगितला की तक्रारी वाढतात, असे इटलीतील २००७ च्या अभ्यासात दिसले होते: सांगितलेल्या गटात ४३.६ टक्के, न सांगितलेल्या गटात १५.३ टक्के. तक्रारी धास्तीतूनच येतात, हा आक्षेप म्हणूनच दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरीही नुसत्या धास्तीने आलेली तक्रार गोळी सुटल्यावर वर्षानुवर्षे का रेंगाळावी, याचा उलगडा त्यातून होत नाही. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही हे खरे, पण तो कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, आणि ज्याला होतो तो लाजेपोटी घरात बोलत नाही, डॉक्टरांपुढेही अडखळतो.

मन खचू लागल्यास केसांसाठीची ही गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना भेटावे, असे युरोपातील नियामक आता स्पष्ट सांगतात. ब्रिटनने तर २०२४ मध्ये पाकिटात सावधानतेचे स्वतंत्र कार्ड घालण्याचे ठरवले. आपल्याकडे औषधाच्या दुकानात पुष्कळदा कात्रीने पट्टी कापून हव्या तेवढ्या गोळ्या हातावर ठेवल्या जातात, आणि कागद खोक्यासकट फळीवरच राहतो.