विजयाबाई, नागपूरहून पाहताना

आकाशवाणीच्या सर्व श्रोत्यांना नमस्कार.

आज मी विजया मेहतांबद्दल बोलणार आहे. नाटकातली माणसं त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. जन्म 1934 सालचा, बडोद्याचा, आणि जवळजवळ सगळी कारकीर्द मुंबईची. मग नागपूर केंद्रावरून त्यांच्याविषयी का बोलायचं, असं तुमच्यापैकी कुणाच्या मनात येईल. त्याला कारण आहे, आणि चांगलं भक्कम कारण आहे.

साठच्या दशकाच्या मध्यात आपल्या या शहरात एक तरुण एका संध्याकाळी सिनेमाला निघाला. तिकीट मिळालं नाही. आता आलोच आहोत बाहेर, तर घरी कशाला परतायचं, म्हणून तो एका नाटकाला जाऊन बसला. नाटक होतं विजय तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!' आणि दिग्दर्शन विजयाबाईंचं. दुसऱ्या दिवशी तो तेच नाटक पुन्हा बघायला गेला. आपणही नाटक लिहायचं, हे त्यानं तेव्हा ठरवून टाकलं. तो तरुण म्हणजे महेश एलकुंचवार.

ही हकीकत नागपुरात पुष्कळांना ठाऊक आहे. आपण ती नेहमी एलकुंचवारांची म्हणून सांगतो, आणि अभिमानानं सांगतो. मला मात्र वाटतं, ती तितकीच विजयाबाईंचीही आहे. मुंबईचं नाटक विदर्भाच्या दौऱ्यावर येतं. नेपथ्य उतरतं, दिवे लागतात, प्रयोग होतो. रात्री सगळं पुन्हा ट्रकमध्ये चढतं आणि गाडी अमरावती-अकोल्याच्या वाटेला लागते. प्रयोग करणाऱ्यांना कधीच कळत नाही की आज कोणत्या रांगेत कोण बसलं होतं आणि घरी जाताना काय घेऊन गेलं. तरीही प्रत्येक गावात, प्रत्येक प्रयोगाला, तेवढ्याच कसून उभं राहायचं. विजयाबाईंची सगळी कारकीर्द या एका गोष्टीवर तोललेली आहे असं मी मानते.

त्या माहेरच्या जयवंत. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान या दोन दिग्दर्शकांकडे त्या नाटक शिकल्या. अल्काझींची शिस्त कडक, मर्झबान हे पारशी रंगभूमीवरचं मोठं नाव. एकाच मुलीला हे दोन्ही गुरू मिळावेत, हे तिचं भाग्य. पहिलं लग्न अभिनेत्री दुर्गाबाई खोट्यांचे चिरंजीव हरीन यांच्याशी झालं. ते ऐन तारुण्यात गेले. पदरात लहान मुलं होती. पुढे त्यांनी फारुख मेहतांशी लग्न केलं. हे मी थोडक्यात सांगते आहे, कारण त्यांनी स्वतः 'झिम्मा' या आत्मचरित्रात ते सविस्तर लिहिलेलं आहे आणि ते त्यांच्याच शब्दांत वाचायला हवं.

1960 साली 'रंगायन' ही संस्था सुरू झाली. विजयाबाई, तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशी सगळी मंडळी एकत्र आली. तेंडुलकर तिथे लिहीत होते, चिं. त्र्यं. खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव' तिथे उभं राहिलं, फ्रेंच नाटककार आयनेस्कोचं 'खुर्च्या' मराठीत तिथे झालं. प्रेक्षक मोजके, पैसा जवळपास नाहीच. पण आज आपण ज्याला प्रायोगिक रंगभूमी म्हणतो, तिचं बस्तान त्या दशकात बसलं.

आणि इथे नागपूरचा धागा पुन्हा येतो. 1967 साली 'सत्यकथा' मासिकात 'सुलतान' नावाची एकांकिका छापून आली. लेखक कुणी महेश एलकुंचवार, राहणार नागपूर. मुंबईच्या नाट्यवर्तुळात हे नाव तोवर कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. विजयाबाईंनी ती वाचली, हेरली, आणि पुढे 'सुलतान' आणि 'होळी' रंगायनतर्फे रंगमंचावर आणल्या. 'होळी'त कॉलेजच्या वसतिगृहातली पोरं आहेत. सणाची सुट्टी नाकारली जाते आणि त्या रागातून दिवस उलटत उलटत एका मुलाच्या जिवावर बेततो. नवख्या लेखकाचं इतकं कडवट लेखन हातात घेणं सोपं नव्हतं. ज्यांच्या नाटकामुळे हा माणूस लिहिता झाला, त्यांनीच ते रंगमंचावर उभं केलं. असा योग मराठी नाटकाच्या इतिहासात मला तरी दुसरा आठवत नाही.

आता अभिनयाकडे येते. माझ्या जिव्हाळ्याचा विषय तो आहे.

1973 साली जयवंत दळवींचं 'संध्याछाया' आलं. नाना आणि नानी हे म्हातारं जोडपं. थोरला मुलगा अमेरिकेत, तो परत येत नाही; धाकटा सैन्यात, तो जातो. घरात दोघंच. चुकून आलेला फोनसुद्धा त्यांना ठेववत नाही, कारण पलीकडे माणसाचा आवाज आहे. हे नाटक विजयाबाईंनी बसवलं आणि नानी स्वतः केली. नाना होते माधव वाटवे. नानी करताना बाईंचं वय चाळिशीच्या आतलं होतं. ज्या वयात नट्या नायिकेची भूमिका हातची जाऊ नये म्हणून धडपडतात, त्या वयात त्यांनी पांढरे केस पत्करले.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही इथे आमच्या हौशी मंडळात याच नाटकाचा एक प्रवेश बसवत होतो. नानी करणारी मुलगी पंचविशीची. तिनं पहिल्याच तालमीत कंबर वाकवली, आवाज कापरा केला, हात थरथरवले. आम्हाला ते छानच वाटत होतं. एका सभासदाची आजी तालीम बघायला येऊन बसायची. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पोरी, आमचे हात कापतात ना, तर आम्ही ते पदराखाली लपवतो. तू तं दाखवून राहिली." त्या मुलीनं मग सगळं काढून टाकलं. खुर्चीतून उठायच्या आधी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवायचे, क्षणभर थांबायचं, त्या थांबण्यातच समोरच्याशी काहीतरी बोलायचं, म्हणजे आपण दम घेतोय हे त्याला कळू नये, आणि मग उठायचं. एवढंच ठेवलं. प्रवेश एकदम खरा झाला.

म्हातारपण दाखवायचं नसतं, झाकायचं असतं, हे त्या आजींना जगून कळलेलं होतं. नटीला ते निरीक्षणातून आणि मेहनतीतून मिळवावं लागतं. चाळिशीच्या आतल्या बाईनं रात्रीमागून रात्र नानी उभी करायची, नाटक स्वतःच दिग्दर्शितही करायचं, आणि प्रेक्षकाला तिचं खरं वय आठवूही द्यायचं नाही! याला काय तयारी लागते, ते रंगमंचावर एकदा तरी उभं राहिलेल्या माणसाला विचारा.

पुढे 1977 साली 'बॅरिस्टर' आलं, तेही दळवींचंच. त्यात बाईंनी मावशी केली. केशवपन झालेली, आलवणातली विधवा. विक्रम गोखले बॅरिस्टर. या नाटकावरून बाईंनी 'रावसाहेब' हा हिंदी चित्रपट केला, त्यातही मावशी त्यांनीच साकारली, आणि सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. अनिल बर्व्यांच्या 'हमीदाबाईची कोठी'त त्या हमीदाबाई झाल्या. आपल्या गाण्याच्या इभ्रतीला जपणारी, काळ बदलला तरी न वाकणारी बाई. नानी, मावशी, हमीदाबाई. तिघींचं बोलणं वेगळं, बसणं-उठणं वेगळं, देवाशी असलेलं नातंसुद्धा वेगळं. त्या तिन्ही बायका वयानं नटीपेक्षा मोठ्या, आणि तिघींनाही जगानं घरातल्या कोपऱ्यात सरकवलेलं. बाईंनी त्यांना रंगमंचाच्या मधोमध आणून बसवलं.

आणि त्याच 'हमीदाबाईची कोठी'त नाना पाटेकर होते, नीना कुळकर्णी होत्या, भारती आचरेकर होत्या, अशोक सराफ होते. बाईंच्या हाताखालून गेलेल्या नटांची नावं घ्यायची तर हे भाषण त्यातच संपेल. स्वतः प्रमुख भूमिकेत असताना शेजारच्याला जागा करून देणं फार थोड्या नटांना जमतं. एवढं मात्र म्हणेन की त्या पिढीच्या कुणाचीही मुलाखत ऐका, तालमीचा विषय निघाला की बाईंचं नाव आल्याशिवाय राहत नाही.

जर्मनीतलं त्यांचं काम हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. फ्रिट्झ बेनेविट्झ या जर्मन दिग्दर्शकाबरोबर त्यांनी नाटककार ब्रेख्त मराठीत आणला, खानोलकरांनी रूपांतरित केलेलं 'अजब न्याय वर्तुळाचा', आणि तिकडच्या नटांना घेऊन कालिदासाचं 'शाकुंतल' उभं केलं.

मला थांबायचं आहे ते 1985 सालापाशी. त्या वर्षी 'वाडा चिरेबंदी' रंगमंचावर आलं. लेखक एलकुंचवार, दिग्दर्शन विजयाबाईंचं.

धरणगावकर देशपांड्यांचा वाडा. तात्याजी गेलेत. मुंबईहून मधला मुलगा सुधीर आणि त्याची बायको अंजली आलेत. दारात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे. आत दादी सारखी वेळ विचारते आहे. तेराव्याला गावजेवण घालायचं, तर पैसा कुठून आणायचा? श्रोतेहो, आपल्याकडच्या किती घरांमध्ये हा प्रश्न उभा राहिला आहे! यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या वाड्यांमधून नागपुरात शिकायला आलेली आणि मग परत न गेलेली माणसं धरमपेठेत, रामदासपेठेत, बर्डीवर आजही राहतात. स्वतः एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे.

त्या नाटकातला वहिनीचा, म्हणजे थोरल्या सुनेचा, एक प्रसंग मला फार मोठा वाटतो. घराण्याचे दागिने तिच्या हाती येतात, आणि रात्रीच्या वेळी ती ते अंगावर घालून बघते. आयुष्यभर स्वयंपाकघरात राबलेली बाई. तो सोन्याचा भार अंगावर आला की तिच्या चेहऱ्यावर काय उमटावं? हाव म्हणावी तर ती बाई लोभी नाही. आनंद म्हणावा तर घरात सुतक आहे. हा प्रसंग आमच्याकडे वेगवेगळ्या मंडळांनी केलेला मी पाहिला आहे. ज्या नट्या तिथे काहीतरी 'करून दाखवतात' त्यांचा तो पडतो. ज्या नुसत्या त्या वजनाकडे लक्ष देतात, मान जरा सरळ होऊ देतात, त्यांचा होतो.

दुसरं म्हणजे बोली. आपलं वऱ्हाडी-नागपुरी बोलणं मराठी रंगमंचावर बहुतेक वेळा हसवायला आणलं गेलं. 'करून राहिलो', 'जाऊन राहिला' म्हटलं की मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी हसायचं, असा जणू करारच होता. 'वाडा'मध्ये आई, थोरला मुलगा भास्कर, वहिनी आपापल्या बोलीत दुःख बोलतात आणि कुणी हसत नाही. हे लेखकाचं श्रेय आहेच. पण मुंबईच्या व्यावसायिक रंगमंचावर, मुंबईच्या प्रेक्षकांसमोर, ते गांभीर्य टिकवून धरण्याचं काम दिग्दर्शकाचं होतं. विदर्भाबाहेर वाढलेल्या बाईनं आपल्या मातीचा मान असा राखला, याबद्दल मला विजयाबाईंविषयी मनापासून कृतज्ञता वाटते. पुढे त्यांनी हेच नाटक 'हवेली बुलंद थी' या नावानं हिंदीत दूरदर्शनवर आणलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. 'वाडा'च्या आदल्या वर्षी, 1984 साली, गोविंद निहलानींचा 'पार्टी' हा चित्रपट आला. तो एलकुंचवारांच्याच नाटकावरचा, आणि त्यात दमयंती राणे विजयाबाईंनी केली. म्हणजे एका हुकलेल्या तिकिटापासून सुरू झालेलं हे नातं लेखक आणि दिग्दर्शक इतक्यावर थांबलं नाही. त्याचे शब्द तिनं स्वतः उच्चारले. ज्यांनी बाईंना रंगमंचावर कधी पाहिलं नाही, अशा तरुण श्रोत्यांनी 'पार्टी' आणि 'रावसाहेब' हे दोन चित्रपट जरूर बघावेत. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रावरून बाईंनी दूरदर्शनसाठी केलेलं 'स्मृतिचित्रे'ही बघावं. त्याचंही नागपूरशी नातं आहे, कारण लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक नागपूरच्या आप्पासाहेब बुटींकडे काम करत होते तेव्हाचा लक्ष्मीबाईंचा संसार इथलाच.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना 1975 साली मिळाला, पद्मश्री 1987 साली. मुंबईच्या एनसीपीएची, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेची, धुराही त्यांनी काही वर्षं वाहिली.

आता माझी एक विनंती, मुख्यतः आपल्या ज्येष्ठ श्रोत्यांना. धनवटे रंगमंदिराचे ते दिवस ज्यांनी पाहिले, ते प्रेक्षक आज ऐंशीच्या घरात आहेत. मुंबईची नाटकं इथे कधी आली, कोणत्या संचात आली, प्रयोगानंतर काय चर्चा झाली, हे बरंचसं त्यांच्या आठवणीतच आहे. जुन्या ट्रंकेत एखादी जाहिरात असेल, तिकिटाचा अर्धुक असेल, नटमंडळींबरोबरचा फोटो असेल, तर तो रद्दीत जाऊ देऊ नका. मागे तारीख आणि नावं लिहून ठेवा. आणि घरात नातवंडं असतील तर त्यांना मोबाइलवर तुमचं बोलणं टिपून घ्यायला सांगा. विजयाबाईंनी आपली बाजू 'झिम्मा'त लिहून ठेवली आहे. नागपूरच्या प्रेक्षकांची बाजू अजून लिहायची आहे, आणि ती लिहू शकणारी माणसं आज, या क्षणी, कदाचित हा कार्यक्रम ऐकत असतील.

नमस्कार.