रविवारच्या बाजारातली म्हातारी माणसं

नमस्कार श्रोतेहो,

रविवार उजाडला की कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या रस्त्यांवर पोती अंथरली जातात. वडणगे, निगवे, शिये, आंबेवाडी, चिखली अशा आसपासच्या गावांतून माळवं येतं. कुणी वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपनं येतं, कुणी पहिल्या एसटीनं, कुणी लेकाच्या मोटरसायकलवर मागं बुट्टी सांभाळत. दिवस वर येईपर्यंत फोर्ड कॉर्नरच्या बाजूनं चालायला वाट उरत नाही. आज मी बोलणार आहे ते या बाजारातल्या वयस्क विक्रेत्यांबद्दल. साठी ओलांडलेल्या, सत्तरी गाठलेल्या, काही त्याहूनही थोरल्या. त्यांच्याविषयी बोलताना आपण फार लवकर हळहळतो, "या वयात किती कष्ट" म्हणतो आणि पुढं जातो. ते कष्ट नेमके कसले आहेत आणि त्यांत जाणतेपण किती आहे, ते मला तुम्हाला सांगायचंय.

मेथीची एक पेंडी घ्या. ती तुमच्या पिशवीत हिरवीगार पडते, त्यामागं आदल्या दुपारपासूनचं काम असतं. ऊन उतरल्यावर मेथी मुळासकट उपटायची. मुळांची माती झाडायची, पण मुळं ठेवायची, कारण मुळं तोडली की पाला लवकर मान टाकतो. पिवळी पानं काढून मुठीच्या मापानं पेंडी बांधायची. पाणी मारायचं तेही बेतानं. मेथी ढिगात दाबून ठेवली तर आतून तापते आणि पहाटेपर्यंत मधल्या पेंड्या पिवळ्या पडतात. म्हणून जाणती बाई रात्री पेंड्या गच्च रचत नाही. मुळं आत आणि शेंडे बाहेर ठेवून सैल मांडते, वर ओलं पोतं टाकते. बाजारात माझ्या नेहमीच्या एक आजी आहेत. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्यांचा हात सारखा ढिगात फिरत असतो. खालची पेंडी वर येते, वरची उन्हातली आत जाते. पेंडी न सोडताच कुठली तापायला लागलीय ते त्यांच्या बोटांना कळतं. मी एकदा विचारलं, "आजी, कसं ओळखता?" तर म्हणाल्या, "हात घातला की कळतंय की. ताप आलेल्या पोराचं अंग कळत न्हाई व्हय?"

हिवाळ्यात त्यांच्याच शेजारी हरभऱ्याचा पाला येतो. कोवळे शेंडे एकेक करून हातानं खुडावे लागतात. शेंडे खुडले की झाडाला फुटवे जास्त येतात, त्यामुळं पिकाचंही भलं होतं. पण पाल्यावरची आंब, म्हणजे आंबट दव, बोटांना झोंबते, नखांच्या कडा चिरतात. एक ओंजळ पाल्याला किती शेंडे लागतात, याचा हिशेब आपण भाव करताना करत नाही. चाकवत, करडईची कोवळी भाजी, पोकळा, घोळ, आंबट चुका ही सगळी या म्हाताऱ्या माणसांच्या पाटीत आजही दिसते. मोठ्या दुकानाच्या थंड कपाटात यांतल्या फार थोड्या भाज्या पोचतात, कारण त्या नाजूक, लवकर सुकणाऱ्या आणि कमी प्रमाणात निघणाऱ्या. त्या टिकल्यात त्या बांधावर, उसाच्या सरीत, परड्यात चार वाफे राखणाऱ्या या माणसांमुळं. पोकळा कसा करायचा हे ठाऊक नसेल तर विकणाऱ्या बाईलाच विचारा. लसूण कधी घालायचा आणि झाकण का ठेवायचं नाही, सगळं सांगतील, आणि मागं गिऱ्हाइकं ताटकळली तरी नीट सांगतील.

आता भावाचं. सकाळच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. भवानीचे पैसे कपाळाला लावूनच पुढचा व्यवहार. पुढं दिवसभर भाव हलत राहतो. शेजारच्याचा माल किती उरलाय, ढग आलेत का, महिन्याची अखेर आहे का, उद्या एकादशी आहे का, हे सगळं डोक्यात ठेवून या बाया पेंडीचा भाव ठरवतात. वहीत एक अक्षर लिहिलेलं नसतं. संध्याकाळी मात्र हात बांधलेले असतात. शेतमाल परत न्यायचा म्हणजे पुन्हा भाडं, आणि घरी पोचेपर्यंत भाजीचा पाचोळा. त्या वेळेला आपण "दहाच्या दोन द्या, तीन द्या" म्हणून अडून बसतो, ते मला फार खटकतं. बी, खत, भांगलणीची मजुरी, पाणी, गाडीचं भाडं आणि बाजारातल्या जागेची पावती, एवढं सगळं त्या एका पेंडीत असतं. आवक वाढली की भाव असा कोसळतो की काढणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. त्या दिवशी त्या का आल्या, याचं उत्तर साधं आहे. उभं पीक रानात कुजू द्यायला त्यांचं मन धजत नाही.

सगळेच आपल्या रानातलं विकत नाहीत, हेही सांगायला हवं. काही जणी पहाटे सौद्यात, म्हणजे घाऊक लिलावात, माल धरतात आणि दिवसभर विकतात. शेती हिश्शात गेली, रान लेकांच्या नावावर झालं, पण बाजार सुटला नाही, अशा बऱ्याच आहेत. 2016 मध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, तेव्हा शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकणार म्हणून मोठी चर्चा झाली. ही मंडळी त्याच्या कितीतरी आधीपासून थेटच विकत होती.

एक आजोबाही आहेत, त्यांच्याकडं भाजी नसते. पंचाच्या गाठीत बांधलेलं घरचं बी असतं: पोकळ्याचं काळं बारीक बी, वरण्याचं, दोडक्याचं, देशी काकडीचं. दोडक्याची पहिली चांगली फळं तोडायची नाहीत, वेलावरच वाळू द्यायची, हा त्यांचा नेम. मूठभर बी देताना कुठल्या नक्षत्रावर टाकायचं ते ऐकवल्याशिवाय ते पैसे घेत नाहीत. घरच्या बियाची पुढची पिढी धरता येते. बाजारातल्या संकरित बियाचं तसं होत नाही, दरसाल नवं घ्यावं लागतं. आजोबांकडं गिऱ्हाईक कमीच येतं. पण ज्यांच्या परसात चार हात माती आहे, गच्चीवर दोन कुंड्या आहेत, त्यांनी त्यांच्यापुढं जरूर बसावं.

या माणसांना आधार काय, तर 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि 17 मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना निम्मं तिकीट. याचा बाजारकरणींना खरोखर उपयोग झालाय. फक्त बुट्ट्या आणि पोती घेऊन गर्दीच्या गाडीत चढणं अवघड, म्हणून माल पुष्कळदा वडापनं किंवा टेम्पोनंच येतो आणि तिथं सवलत नाही. वृद्धांसाठीच्या सरकारी श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 रुपये काहींना मिळतात. औषधगोळ्यांना तेवढे पुरतात, असं म्हणणारी मला अजून भेटलेली नाही.

आणि पंचगंगेकाठच्या गावांना पुराचं भय आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडीची शेतं पाण्याखाली गेली. ओसरल्यावर वाफ्यांवर गाळ बसलेला, वेल कुजलेले. पालेभाजी लवकर येते, म्हणून पुरानंतर पहिला पैसा तिचाच. त्या दिवसांत बाजारात परत बसलेल्या थोरल्या बायकांकडं बघून मला त्यांच्या चिवटपणाचं नवल वाटलं होतं, आजही वाटतं.

आता एक गोष्ट, जी उघड बोलली जात नाही. आपल्याकडच्या बहुतेक आठवडी बाजारांत बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसतं. म्हणून पहाटे घर सोडलेली साठ-सत्तर वर्षांची बाई संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही. तांब्या भरलेला असतो, तो भाजीवर शिंपडायला. भर उन्हाळ्यात, डोक्यावर छत्रीचं एक फडकं, आणि घसा कोरडा. गुडघेदुखीबद्दल त्या मोकळेपणानं बोलतात, याबद्दल नाही. फार खोदून विचारलं तर हळूच म्हणतात, "जायाचं कुठं, आक्का?"

2014 च्या पथविक्रेता कायद्यात शहर फेरीवाला समितीची तरतूद आहे. तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक, म्हणजे परंपरेनं आपोआप भरत आलेल्या बाजाराला वारसा बाजार जाहीर करावं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे सावली, पाणी आणि स्वच्छतागृह मागण्याची जागा कागदावर तयार आहे. ज्या नगरसेवकाला किंवा सरपंचाला तुम्ही रस्ता-गटारासाठी भेटता, त्यालाच बाजारातल्या स्वच्छतागृहाचं विचारा. गिऱ्हाइकांनी विचारलं तर त्याला वजन येतं, कारण विक्रेत्या बायका एक दिवस बाजार बुडवून कचेरीत जाऊ शकत नाहीत.

बाजाराला जाणार असाल तर सकाळी लवकर जा, तेव्हा चाकवत आणि पोकळा मिळतो. सुटे पैसे न्या. मोबाइलवरून पैसे देण्याची पाटी काहींच्या पोत्याला लावलेली असते, पण ते पैसे नातवाच्या खात्यात जातात आणि आजींच्या हाताला संध्याकाळच्या भाड्यापुरती चिल्लर लागतेच. कापडी पिशवी घरून न्या. आणि जवळपास कुणाचं घर असेल, दुकान असेल, तर शेजारी बसणाऱ्या बायकांना एवढं सांगून ठेवा की आमच्याकडं या, दार उघडं आहे.

नमस्कार.