सर्वांत शेवटी कार्बोरेटर

आजच्या व्याख्यानाचा विषय जुन्या मोटारींच्या कार्बोरेटरचे ट्यूनिंग हा आहे, आणि तरीही त्यातला बराचसा वेळ मी कार्बोरेटरला हात न लावण्याविषयी बोलणार आहे. याचे कारण माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीत आहे. चार सिलिंडरची, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर असलेली एक जुनी गाडी माझ्याकडे आली होती. आयडलिंगला ती मिसिंग मारत होती, वेग घेताना अडखळत होती आणि मधूनच सायलेन्सरमधून फटाके फोडत होती. मी दोन्ही कार्बोरेटर उतरवले, धुतले, नवी पॅकिंग घालून बसवले आणि जेटचे (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचे) नट वर-खाली करत दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले, तेव्हा सीबी पॉइंटवर, म्हणजे वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, मोठमोठ्या ठिणग्या उडताना दिसल्या. त्या ठिणग्या आवरणारा कंडेन्सर निकामी झाला होता. तो बदलताच दोष गेला, पण दोन दिवस फिरवलेले नट मूळ जागी आणायला मला आणखी एक दिवस लागला.

अशी चूक का होते, हे कळण्यासाठी कार्बोरेटर नेमके काय करतो ते पाहू. कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळू देण्याची साधी व्यवस्था होती. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, आणि स्वतंत्रपणे हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी, बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा हवेत सोडण्याची पद्धत आणली, आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षे मोटारी त्याच तत्त्वावर चालल्या. हवेची वाट मध्येच अरुंद केली की तिथे तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. ही गोष्ट इटलीचे व्हेंच्युरी यांनी १७९७ मध्ये द्रवांच्या बाबतीत मांडली होती, म्हणून त्या अरुंद भागाला आपण आजही व्हेंच्युरी म्हणतो. तिथल्या कमी दाबामुळे फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या) बाऊलमधले पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. कार्बोरेटर स्वतःहून काहीच ढकलत नाही. इंजिन जेवढे ओढेल तेवढेच तो देतो, त्यामुळे इंजिनच्या ओढीत कुठेही खोट असली, की ती कार्बोरेटरच्या तोंडी येऊन बोलते आणि ऐकणारा कार्बोरेटरलाच दोष देतो.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलसाठी साधारण नऊ हजार लिटर हवा, असा हिशेब मांडला की या छोट्याशा ओतीव भांड्यावर केवढी जबाबदारी आहे ते लक्षात येते. परंतु १४.७ हा आकडा रसायनशास्त्राचा आहे, इंजिनचा नव्हे. पूर्ण ताकद हवी असते तेव्हा साधारण साडेबारा ते तेराला एक असे रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, मिश्रण लागते, सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना सोळाच्या जवळपासचे लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, मिश्रणही चालते, आणि थंड इंजिन सुरू करताना बरेचसे पेट्रोल नळीच्या भिंतींवरच चिकटून राहत असल्याने याहून कितीतरी रिच मिश्रण द्यावे लागते. एक व्हेंच्युरी आणि एक जेट एवढ्यावर हे जमत नाही, कारण अशा साध्या रचनेत हवा वाढत जाते तसे मिश्रण रिच होत जाते. कार्बोरेटरच्या इतिहासातली सगळी हुशारी या एका दोषावर उपाय शोधण्यात खर्च झाली आहे.

ते उपाय ढोबळमानाने दोन घराण्यांचे आहेत. वेबर, सोलेक्स, झेनिथ या कंपन्यांच्या कार्बोरेटरमध्ये सहसा व्हेंच्युरी ठरावीक मापाची असते आणि वेगवेगळ्या अवस्थांसाठी वेगवेगळे जेट दिलेले असतात. एसयू आणि झेनिथ-स्ट्रॉमबर्ग यांच्या दुसऱ्या घराण्यात वर-खाली होणारा पिस्टन हवेची वाट स्वतःच लहान-मोठी करतो आणि जेटपाशी दाब जवळपास एकसारखा ठेवतो. पिस्टनला जोडलेली निमुळती सुई जेटमध्ये उतरलेली असते. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो आणि पेट्रोलची वाट मोठी होते. एसयूचे जनक स्किनर हे पादत्राणांच्या व्यापारातल्या घराण्यातले होते, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता, हे मला फार शोभून दिसते.

आता गाडीकडे वळू. इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय काहीही तपासू नये. मात्र टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बसवण्याचे काम त्याआधी, थंड की गरम हे कंपनीच्या पुस्तकात दिले असेल त्याप्रमाणे, उरकून घ्यावे. मग सीबी पॉइंटची फट, कंडेन्सर, प्लग आणि शेवटी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), या क्रमाने जावे. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण पॉइंटची फट बदलली की टायमिंग सरकते, आणि टायमिंग सरकले की आयडलिंग बदलते. डिस्ट्रिब्युटरच्या आतली, टायमिंग गरजेनुसार पुढे-मागे करणारी वजने गंजून अडकली असतील किंवा त्याच कामाचा व्हॅक्यूमचा पडदा फाटला असेल, तर गाडीची ओढ जाते आणि मालक ‘जेट मोठा टाका’ म्हणू लागतो.

यानंतर चोरट्या हवेचा, म्हणजे कार्बोरेटरला वगळून भलतीकडूनच शिरणाऱ्या हवेचा, शोध घ्यावा. मॅनिफोल्डचे (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीचे) पॅकिंग, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि कार्बोरेटरखालचा जोड, या सर्व ठिकाणांवर, डिस्ट्रिब्युटर आणि वायरी सांभाळून, इंजिन चालू असताना बारीक पाणी फवारले आणि आवाज बदलला, तर हवा तिथूनच शिरते आहे. या कामासाठी पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे वापरणारे लोक मी पाहिले आहेत; गरम एक्झॉस्टशेजारी तो खेळ मी करत नाही. सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे थ्रॉटलचा स्पिंडल, ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप ज्यावर फिरते तो दांडा. लाखो वेळा फिरून त्याची भोके लंबगोल झालेली असतात आणि तिथून शिरणारी हवा कधी कमी, कधी जास्त असते, त्यामुळे आज लावलेले आयडलिंग उद्या टिकत नाही. स्पिंडल बोटाने वर-खाली हलवून पाहावा. तो खुळखुळत असेल, तर नवे बुश बसवल्याशिवाय कोणतेही ट्यूनिंग वायाच जाईल.

फ्लोटची पातळी हीसुद्धा याच टप्प्यावर तपासायची गोष्ट आहे, कारण बाऊलमधले पेट्रोल एखाद-दोन मिलिमीटर वर असले, तरी प्रत्येक वेगाला मिश्रण रिच होते. पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहिला तर आत शिरलेले पेट्रोल ऐकू येते, आणि गरम पाण्यात बुडवल्यावर बारीक छिद्रातून बुडबुडे निघतात. बाऊलमध्ये येणारे पेट्रोल रोखणारा नीडल व्हॉल्व्ह नवा बसवला म्हणून निर्धास्त राहू नये. नव्या संचातला व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी गळून गाडी ओव्हर झाल्याचा (पेट्रोलने तुंबल्याचा) अनुभव मी घेतला आहे. पंपाचा दाबही पाहावा, कारण एसयू किंवा वेबरला साधारण तीन पीएसआय पुरतो आणि आधुनिक इलेक्ट्रिक पंप त्याहून कितीतरी जास्त देऊ शकतो.

इतके झाल्यावरच मी एसयूकडे येतो. सक्शन चेंबर (पिस्टनवरचे झाकण) काढून पिस्टन स्वच्छ करावा, सुईचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट आहे ना ते पाहावे आणि जेट वर असताना पिस्टन उचलून सोडावा. तो मोकळेपणाने खाली येऊन ‘टक्’ असा स्पष्ट आवाज झाला पाहिजे. आवाज झाला नाही, तर सुई जेटला घासते आहे आणि जेट मध्यावर आणावा लागेल. नंतरच्या काळात स्प्रिंगने एका बाजूला टेकवलेली सुई आली, तिला हे करावे लागत नाही. पिस्टनची हालचाल मंद करणाऱ्या डॅम्परमध्ये तेल असल्याची खात्री करावी. हे तेल वंगणापुरते नसते. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की तेलामुळे पिस्टन किंचित उशिरा वर जातो, त्या क्षणापुरता जेटवरचा ओढा वाढतो आणि वेग घ्यायला लागणारे रिच मिश्रण मिळते. तेल आटलेल्या गाडीचा पिकअप अडखळतो, आणि पुन्हा एकदा जेटलाच बोल लावला जातो.

जेटचा नट पूर्ण वर नेऊन तिथून बारा फ्लॅट (षटकोनी नटाची एक बाजू म्हणजे एक फ्लॅट), म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली आणणे ही नेहमीची सुरुवात आहे. नट खाली म्हणजे रिच, वर म्हणजे लीन. एका वेळी एकच फ्लॅट फिरवावा आणि इंजिनला स्थिर व्हायला वेळ द्यावा. आता बाजूची लिफ्टिंग पिन दाबून पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलावा. उचलल्यामुळे हवेची वाट मोठी होते, म्हणजे आपण मुद्दाम मिश्रण क्षणभर लीन करतो. आधीचे मिश्रण रिच असेल, तर ही दुरुस्ती इंजिनला मानवते आणि त्याचा वेग वाढून तसाच राहतो. आधीच लीन असेल, तर इंजिन अडखळते किंवा बंद पडते. आणि बरोबर असेल, तर वेग किंचित वाढून लगेच पूर्ववत होतो. एवढे सोपे, एवढे नेमके आणि एकही उपकरण न लागणारे निदान मोटारीच्या दुसऱ्या कोणत्याही भागात माझ्या पाहण्यात नाही. पिस्टन जास्त उचलला, तर मात्र कोणतेही इंजिन बंद पडते आणि परीक्षा खोटी ठरते.

दोन कार्बोरेटर असतील, तर मिश्रणाआधी हवा सारखी करावी लागते. दोघांना जोडणारा दांडा सैल करून रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे टोक आळीपाळीने प्रत्येकाच्या तोंडाशी धरावे. दोन्हीकडचा फुसफुसाट सारखा होईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू फिरवावेत. हवेचा मीटर मिळतो आणि तो चांगलाही असतो, पण नळीची सवय झालेला कान सहसा फसत नाही. दांडा पुन्हा घट्ट करताना दोन्ही बटरफ्लाय (थ्रॉटलच्या झडपा) एकाच क्षणी उघडतात का, हे पाहायचे राहून जाते. आयडलिंगला गाडी गोड चालते आणि पाय ठेवताच थरथरते, तेव्हा बहुधा हेच झालेले असते.

वेबरसारख्या ठरावीक व्हेंच्युरीच्या कार्बोरेटरबद्दल एकच गैरसमज दूर करतो. डीसीओई प्रकारच्या वेबरवर गाडी शहरी वेगाने चालते, तेव्हा मेन जेट जवळजवळ कामातच नसतो. आयडल जेट आणि बटरफ्लायच्या कडेची प्रोग्रेशनची छिद्रे एवढ्यावरच इंजिन चालत असते. तरीही हळू वेगात अडखळणाऱ्या गाडीचे मेन जेट बदलत बसणारे पुष्कळ आहेत. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणजे १२० चा जेट १.२० मिलिमीटरचा. त्याऐवजी १२५ चा टाकला, तर व्यास चार टक्क्यांनीच वाढतो, परंतु छिद्राचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. जेट तारेने खरवडून साफ करू नये, ते याच हिशेबामुळे. मिक्श्चर स्क्रूही घट्ट आवळू नये. त्याच्या निमुळत्या टोकावर एकदा वळ उठला, की पुढे तो कधीच नीट लागत नाही.

परिणाम तपासायला पूर्वी प्लगचा रंग पुरत असे: फिकट तपकिरी म्हणजे योग्य, काजळी म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन. आजच्या पेट्रोलवर हा रंग तेवढा स्पष्ट उमटत नाही. काचेची खिडकी असलेला प्लग बसवून ज्योत पाहता येते. पिवळी ज्योत रिच मिश्रणाची, निळी योग्य मिश्रणाची. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर बसवला, तर चालत्या गाडीतच मिश्रणाच्या प्रमाणाचा आकडा वाचता येतो. जुन्या गाडीला नवे उपकरण लावणे काहींना अपवित्र वाटते. मला वाटत नाही, काम झाल्यावर ते काढून ठेवता येते.

ही उपकरणे आता जास्त उपयोगी पडतात, कारण गाडीच्या पुस्तकातले आकडे ज्या पेट्रोलसाठी लिहिले होते, ते पेट्रोल आता अनेक ठिकाणी मिळत नाही. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने त्याला नवालाच एक एवढी हवा पुरते. दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला १४.७ ऐवजी सुमारे १४.१ भाग हवा लागते, म्हणजे काहीही न बदलता गाडी चार टक्क्यांच्या आसपास लीन होते. एसयूवर हा फरक एखाद्या फ्लॅटने भरून काढता येतो, वेबरवर एक जेट वर जावे लागते. उंच डोंगराळ भागात नेमके उलट घडते: तिथे हवा विरळ असल्याने १,५०० मीटरवर तीच गाडी सात-आठ टक्क्यांनी रिच होते. त्यामुळे ट्यूनिंग कुठे आणि कोणत्या पेट्रोलवर केले, हे मी वहीत टिपून ठेवतो.

इथेनॉल जुने रबर आणि पडदे फुगवते, आणि हवेतले पाणी ओढून घेते. पाणी पुरेसे साठले, की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि पेट्रोल नेणाऱ्या नळीचे तोंडही तिथेच असते. म्हणून दोन-तीन महिने उभी राहिलेली गाडी ‘ट्यूनिंग बिघडले’ म्हणून माझ्याकडे आली, तर कोणताही स्क्रू फिरवण्याआधी मी फ्लोटच्या बाऊलचे झाकण काढून आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत ओततो. बाटलीत दोन थर दिसले, की पेचकस बाजूला ठेवतो आणि टाकी रिकामी करायला घेतो.